अर्पण बाकावर ठेवून

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुला लिहायला बसले आहे. तुझ्याशी बोलणं बंद झालं होतं असं नाही. भांडी घासताना, शाळेच्या वह्या तपासताना, प्रार्थनेत डोळे मिटले की मध्येच, मी बोलतच होते. पण ते बोलणं सोयीचं असायचं. जे टाळायचं ते टाळून पुढे जाता यायचं. कागदावर तसं जमत नाही. सकाळपासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद केला का बघायला, एकदा उगाच कुंपणाच्या गडग्यावरची वेल सारखी करायला, आणि एकदा का उठले तेही आठवत नाही. परवाच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, आणि वेदीपाशी जायचं की बाकावर बसून राहायचं हे माझं अजून ठरत नाही.

मागच्या महिन्यात जे घडलं ते सांगते. त्याआधी ते तीन दिवस सांगायला हवेत. ते तुला माहीत आहेत, पण माझ्या बाजूने माहीत नाहीत.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, आता घरी न्या, जवळच्यांना बोलवून घ्या. तुला घरी आणलं तो सोमवार. खिडकीजवळच्या खाटेवर तुला निजवलं. उशी सारखी करताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "धाकटीला बोलाव." मी म्हटलं, "बोलावते." मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला. ती दापोलीहून आठवड्यातून एकदा फोन करायचीच. "कशी आहे गं आई?" मी म्हटलं, "बरी आहे. झोपलीय." तू जागी होतीस, दोन हातांवर, माझ्याकडे बघत. "कोणाचा फोन?" तू विचारलंस. मी म्हटलं, "शाळेतला." संध्याकाळी तू परत विचारलंस, तेव्हा मी सांगितलं की तिला कळवलंय, ती निघाली आहे. तू मान हलवलीस आणि दाराकडे तोंड करून कूस बदलायचा प्रयत्न केलास. गुरुवारी पहाटे तू गेलीस. तिला मी अकरा वाजता कळवलं. दफन चारला ठेवलं होतं. ती पोचली तेव्हा साडेपाच झाले होते, माती टाकून लोक परतत होते. फाटकाशी ती मला भेटली, केस विसकटलेले, एका हातात चपला. रडली नाही. एकच विचारलं, "आईने मला विचारलं का गं ताई?" मी म्हटलं, "ती शुद्धीतच नव्हती."

पेत्राने एका रात्रीत येशूला तीनदा नाकारलं, ते मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवते. माझे तर चार झाले. आणखी फरक एवढाच की तो बाहेर जाऊन रडला, आणि मी घरी येऊन लोकांच्या चहाचे कप धुतले.

त्यानंतर तिचं माझं बोलणं हळूहळू सुटलं. भांडण म्हणावं असं झालंच नाही. नाताळला फोन, मग नाताळलाही नाही. लोक विचारायचे, धाकटी येत नाही का? मी म्हणायचे, तिचा तिचा संसार आहे. ती दुसऱ्या धर्मात लग्न करून गेली हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढे कोणी विचारायचं नाही. तिच्या लग्नाला तू गेली नव्हतीस. पुढे ती मुलांना घेऊन यायची तेव्हा तू आंबोळ्या घालायचीस, पोरांच्या ताटात नारळाचा रस जास्त वाढायचीस, पण तिच्याशी बोलताना तुझा आवाज पाहुण्यांशी बोलतानाचा असायचा. ते तिला कळत होतं. तुलाही कळत होतं, म्हणूनच तर शेवटी तिला बोलवत होतीस. तिला मात्र तुझं हे शेवटचं बोलावणं कधी मिळालंच नाही. ते माझ्याकडे राहिलं.

आणि मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरी साडी नेसून प्रभुभोजन घेत राहिले. त्याआधी पाळक वाचतात तो उतारा किती वेळा ऐकला असेन. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. मी आमेन म्हणायचे आणि पुढे सरकायचे. या उताऱ्याची तर तू मला तोंडओळखच मार देऊन करून दिली होतीस. आठवतं? वसतिगृहाच्या त्या काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात तू साठ मुलींचं वाटण वाटत होतीस. मी दहा वर्षांची, धाकटी सहाची. नाताळच्या नाटकात तिला देवदूत केलं होतं म्हणून मी तिची पांढरी रिबीन चुलीमागे कोंबली होती. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, हात पुसायला लावलेस आणि तो उतारा मोठ्याने वाचायला सांगितलास. वाचून झाल्यावर मी शहाणपणाने म्हटलं, "पण माझा काही राग नाही तिच्यावर." तू वरवंटा थांबवलास. "तुझा राग कोण विचारतंय गो? नीट वाच. तिच्या मनात काय आहे ते लिहिलंय. राग तिचा, आणि चालायचं तुला." मग मी त्या काजळलेल्या रिबिनीसकट अंगण ओलांडून तिच्याकडे गेले. अंगण केवढंसं, पण मला आठवतंय, मध्यावर मी थांबले होते आणि मागे बघितलं होतं, तू बघतेयस का म्हणून. तू बघत होतीस.

तर मागच्या महिन्यातलं. पाऊस संपून गवत वाळायला लागलं की मी कबरस्तानात जाते, तशी एका शुक्रवारी गेले. बघते तर तुझ्या कबरीवर ताजा चुना. भोवतीचं गवत काढलेलं, चिऱ्यांच्या फटीत उगवलेलं रोपटंसुद्धा मुळासकट उपटलेलं. तिथे गवत कापणारे एक म्हातारे आहेत, तुझा खड्डाही त्यांनीच खणला होता. मी विचारलं, "चुना तुम्ही दिलात?" ते म्हणाले, "मी नाय. दापोलीची बाय येते ना वर्षाला एकदा, तिने दिला. तुमची बहीण ना ती?" ते विळा पुसत पुढे सांगू लागले, "तासभर बसते. मला विचारते, त्या दिवशी कोण कोण होतं, गाणी कुठली म्हटली, पेटीला खांदा कोणी दिला, तोंड शेवटचं उघडलं तेव्हा आई कशी दिसत होती. आता मी काय सांगू? मी आपला खोरं घेऊन लांब उभा. तरी दरवर्षी विचारते. तुम्हीच का नाय सांगत तिला?"

दरवर्षी ती या गावात येते, आई. स्टँडवरून कबरस्तानाचा रस्ता आपल्या घरावरूनच जातो. ती घरावरून पुढे जाते आणि खड्डा खणणाऱ्या माणसाला विचारते की आपली आई शेवटची कशी दिसत होती.

शुक्रवार, शनिवार मला अन्न गेलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जेवले, झोपले, शनिवारी मासळीही आणली. पण रविवारी पाळकांनी तो उतारा वाचला तेव्हा पहिल्यांदाच मला तो माझ्यासमोर उभा राहिलेला दिसला. आमच्या बाकाची रांग उठली, मीही उठले. बाया पुढे वेदीकडे वळल्या आणि मी उलटी दाराकडे वळले. अर्पणाचं पाकीट हातात होतं, ते बाकावर ठेवलं. पाळकीणबाई मागोमाग पायरीपर्यंत आल्या. "चक्कर आली का? बसा जरा." मी म्हटलं, "नाही, जाऊन येते." "कुठे?" "दापोलीला." त्यांना वाटलं मला खरंच चक्कर आली आहे.

दापोलीची थेट गाडी गेली होती. चिपळूणला उतरले, मग खेड, मग तिथून दापोली. पांढऱ्या साडीत, नुसत्या पर्सवर, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. "मला तुला काही सांगायचं आहे." हे फार तयारीचं वाटलं. "आईबद्दल एक गोष्ट राहून गेली होती." राहून गेली होती! अकरा वर्षं! प्रत्येक वाक्य मागच्यापेक्षा वाईट. रविवारच्या शाळेतल्या भिंतीवर नकाशा आहे, त्यावर मी मुलांना दाखवते, हा गालील, हे यरुशलेम. प्रभू हे बोलला ते ऐकणारी माणसं गालीलातली होती, आणि वेदी यरुशलेमात. म्हणजे कोकरू वेदीपाशी सोडून तीन-चार दिवस चालत घरी जायचं, भावाला भेटायचं, आणि परत तेवढंच चालत यायचं. हे मुलांना सांगताना मी नेहमी हसते, केवढा खटाटोप बघा म्हणून. त्या दिवशी खेडच्या स्टँडवर उभी असताना हसू आलं नाही. दोनदा परत घराकडे जाणारी रत्नागिरीची गाडी समोर लागली. दोन्ही वेळा मी तिच्या दारापर्यंत गेले. तो उधळ्या मुलाचा थोरला भाऊ आठवत होता, धाकटा परत आला म्हणून बापाने मेजवानी दिली तेव्हा रुसून अंगणातच उभा राहिलेला. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, पण तो शेवटी आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही. मुलं विचारतात, बाई, गेला का तो? मी म्हणते, पुढचा धडा काढा.

मुरुडच्या रस्त्याला त्यांची नर्सरी आहे, आंबा-काजूची कलमं. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा चार वाजून गेले असतील. तिचा नवरा रोपांना पाणी देत होता. मी त्या माणसाशी आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन. त्याने पाइप खाली टाकला. "ताई? या, या, आत या." धाकटी शेडमध्ये जमिनीवर बसून पिशव्यांत माती भरत होती. केस पांढरे झालेत तिचे, आई. वर बघितलं तेव्हा तोंडाची ठेवण हुबेहूब तुझी. तिने माझ्या पांढऱ्या साडीकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

मी तिच्या दारात आले म्हणजे कोणीतरी मेलं असणार. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं. "आईबद्दल सांगायचंय."

"आईला जाऊन अकरा वर्षं झाली."

"तेच. ती शुद्धीत होती."

तिचे हात मातीत थांबले. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी उभ्या उभ्याच बोलत सुटले, "तीन दिवस शुद्धीत होती. तुझा फोन आला तेव्हा जागी होती. तुला बोलाव म्हणाली. सोमवारी म्हणाली, मंगळवारी म्हणाली, बुधवारी आवाज फुटत नव्हता तरी म्हणाली. मी तुला कळवलं नाही. तिला सांगितलं तू येतेयस."

तिने हातातली अर्धी पिशवी पूर्ण भरली, थापटून रांगेत ठेवली. उठून नळावर गेली आणि हात धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूत होती. मग येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काय म्हणाली? तिचे शब्द सांग. तुझे नकोत."

मी सांगितले. "धाकटीला बोलाव. तिला सांग, मी रागावलेली नाय. माझंच चुकलं, लग्नाला जायला हवं होतं."

"परत सांग."

परत सांगितलं.

तिचा नवरा तेवढ्यात चहा घेऊन दारात आला होता. त्याच्याकडे बघत ती मला म्हणाली, "तुला माहीत आहे मी काय केलं? अकरा वर्षं मी ह्याला दोष दिला. ह्याच्याशी लग्न केलं म्हणून आईने मरताना माझं नाव काढलं नाही. काही भांडण झालं की मी हेच काढते. भाजीत मीठ जास्त झालं तरी शेवटी मी इथेच येते. आणि हा एकदासुद्धा उलट बोलला नाही, ताई. एकदासुद्धा नाही."

त्याने चहाचे कप स्टुलावर ठेवले आणि तो आत निघून गेला. तुझ्याशी आणि धाकटीशी मी काय केलं ते मला माहीत होतं. हा माणूस माझ्या हिशेबातच नव्हता. त्याचं मी काय करू? त्याच्या मनात माझ्याविषयी काय असेल, आणि तिथवर मी कोणत्या गाडीने जायचं?

"का केलंस?" तिने विचारलं. ओरडून नाही. "तुझ्या हातात फोन होता. मी पाच तासांत आले असते. का?"

मी म्हटलं, "मला वाटायचं, ती तुझी वाट बघतेय म्हणून जगतेय. तू आलीस की ती जाईल. म्हणून."

हे ऐकून ती रडायला लागली. त्या दिवसापासून राहिलेलं सगळं रडली असेल. मग खाली मातीतच बसली आणि माझ्या पांढऱ्या साडीला ओल्या हातांनी धरून राहिली. मीही बसले. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. शेवटचं काय खाल्लं? पेज. गोड लागत होती का? मीठ घातलं होतं, दोन चमचे घेतली. पाय सुजले होते का? नाही. कुठली साडी नेसवलीत? तिच्या वाढदिवसाला तू दिलेली, मोतिया रंगाची. "ती नेसवलीत?" असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. त्या म्हाताऱ्यांना हे कुठून माहीत असणार!

परतीची गाडी नव्हती, राहिले. तिच्या मुलीच्या खोलीत माझं अंथरूण घातलं. सकाळी तिचा नवरा मला स्कूटरवर स्टँडवर सोडायला निघाला, तर ती म्हणाली, मीच जाते. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. ती म्हणाली, "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. म्हटलं तर ते तोंडाने होईल. पण तुझं कारण मला कळलं, ताई. तुला ती जायला नको होती. मी तुझ्या जागी असते तर मलाही असंच वाटलं असतं." आणि खिडकीतून माझ्या हातात रुमालात बांधलेली भाकरी-चटणी दिली. गाडी सुटेपर्यंत उभी होती.

त्याला आता साडेतीन आठवडे झाले. बुधवारी तिचा फोन येतो. घरच्या गोष्टी होतात, कलमांना यंदा कीड कशी लागली वगैरे. मग ती थोडी थांबते आणि म्हणते, "सांग ना परत, काय म्हणाली." मी सांगते. तुझे शब्द, जसेच्या तसे. पलीकडे ती ऐकत असते आणि कधी कधी नवऱ्याला हाक मारून सांगते, हे बघ, ऐक, फोन त्याच्या कानाला लावते. त्याला मी तेच परत सांगते. तो म्हणतो, "बरं ताई." एवढंच. पाळकीणबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, चेहरा उजळलाय तुमचा, समेट झाला वाटतं. मी म्हटलं, झाला.

पण मी झोपत नाही, आई. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबते. परवा मुलांची प्रार्थना घेताना शब्द विसरले. मी अर्पण बाकावर ठेवून गेले, मला वाटत होतं परत येऊन उचलीन आणि वेदीपाशी नेईन. ते पाकीट पाळकांनी जपून ठेवलंय, रविवारी मला देणार आहेत. आणि मी इथे बसून तुला लिहितेय, कारण जे कारण मी तिला सांगितलं ते ऐकून ती रडली, तिने माझी साडी धरली, स्टँडवर मला ते समजलं म्हणाली, आणि ते खरं नव्हतं. खेडच्या गाडीत कुठेतरी ते मला सुचलं होतं. ऐकायला बरं वाटलं, म्हणून ठेवून दिलं होतं.

दर बुधवारी वाटतं, आज सांगावं. ती "ठेवते गं" म्हणते आणि मी "बरं" म्हणते. हा कागदही कुठे पाठवायचा नाही हे माहीत आहे, म्हणून निदान यावर लिहिते. तू जाशील म्हणून मी तिला बोलावलं नाही असं नाही. तू जाणार हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेज मी भरवत होते, पाठ मी पुसत होते, रात्रंदिवस मी उशाशी होते, आणि तू तिचं नाव घेत होतीस. मला वाटत होतं, ती आली नाही तर तीन दिवसांत एकदा तरी माझं घेशील.